रात्रीच्या उंचीवर बेतलेला प्रवास : नागपूर ते स्पिती, स्वतःच्या गाडीने आणि तंबूसह

नागपूरच्या प्रतापनगर भागातील एका कुटुंबाने 2024 च्या उन्हाळ्यात हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याच्या प्रवासाचा आराखडा तयार केला आणि तो तपासून पाहण्यासाठी आमच्या डोंगरभटक्या मित्रमंडळाकडे दिला. प्रवासी चार होते: पंचेचाळिशीतले अभियंता गृहस्थ, महाविद्यालयात शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि गृहस्थांचे थोरले बंधू. बंधूंचे वय 59 असून ते रक्तदाबाची गोळी नियमित घेतात. मुलगी त्यांना मोठेबाबा म्हणते, आणि येथे कोणाचेही नाव द्यायचे नसल्यामुळे पुढेही तोच उल्लेख ठेवला आहे. गाडी पाच वर्षांची, टर्बो डिझेल इंजिनाची, फ्रंट व्हील ड्राइव्ह असलेली छोटी एसयूव्ही होती. ती नवरा-बायको दोघेही चालवतात. हाताशी अठरा दिवस होते आणि शक्य तितक्या रात्री स्वतःच्या तंबूत काढायच्या, ही मुलीची अट होती.

मूळ आराखडा नीटनेटका होता. प्रत्येक दिवसापुढे किलोमीटर, अंदाजे तास, टोल आणि जेवणाचे ठिकाण लिहिलेले होते. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग 44 ने निघून पहिली रात्र ग्वाल्हेर, दुसरी चंदीगड, तिसरी मनाली आणि चौथी चंद्रताल तलावाजवळ तंबूत. तेथून कुंझुम खिंड ओलांडून काझा, ताबो, किन्नौर, सिमला आणि परत. मनालीकडून आत शिरण्याचे कारण उघड होते. 3 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालेल्या 9.02 किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंड टाळता येते आणि नकाशावर हीच बाजू जवळची दिसते. सिवनीपर्यंतचा रस्ता डोळे मिटून ठाऊक असलेल्या माणसाला दिवसाला सहाशे-सातशे किलोमीटर म्हणजे फार मोठी गोष्ट वाटत नाही, आणि महामार्गावर ती नसतेही.

या तक्त्यात उंचीचा रकानाच नव्हता. तो भरून पाहिल्यावर पुढची सगळी चर्चा बदलली. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, मनाली सुमारे 2,050 मीटरवर आणि चंद्रताल सुमारे 4,250 मीटरवर. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीच्या उशांमध्ये 2,200 मीटरचा फरक पडत होता. उंचीवरील आजाराबाबत वैद्यकीय मार्गदर्शन असे आहे की, 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. चंद्रतालला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर याला सरावते, पण त्यासाठी त्याला रात्री लागतात. दिवसा एखादी खिंड ओलांडून खाली उतरलेला माणूस बहुधा ठीक राहतो. त्याच उंचीवर झोपलेल्याचा श्वास मात्र झोपेत आणखी मंदावतो आणि पहाटे डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दिसू लागतात. त्याकडे दुर्लक्ष करून आणखी वर गेल्यास फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्यापर्यंत मजल जाऊ शकते आणि त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. चंद्रतालच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे, कारण तेथून कोणत्याही बाजूला खाली जायचे तर आधी कित्येक तासांचा कच्चा, दगडधोंड्यांचा रस्ता पार करावा लागतो.

म्हणून आमची पहिली सूचना वाहनाबद्दल किंवा सामानाबद्दल नव्हती. किलोमीटरचा रकाना तात्पुरता झाकून ठेवावा, प्रत्येक रात्रीची उंची लिहावी आणि त्या आकड्यांवरून दिवस पाडावेत, एवढेच सांगितले. असे करताच प्रवासाची दिशा आपोआप उलटली. सिमल्याकडून किन्नौरमार्गे गेल्यास चढ हळूहळू येतो: तिसरी रात्र नारकंडा, सुमारे 2,700 मीटर, चौथी आणि पाचवी कल्पा, सुमारे 2,950, सहावी ताबो, सुमारे 3,280, सातवी, आठवी आणि नववी काझा, सुमारे 3,650, दहावी कुंझुमच्या अलीकडचे लोसर, सुमारे 4,080, अकरावी चंद्रताल, आणि बारावी अटल बोगद्याच्या उत्तर तोंडाजवळचे सिस्सू, जे पुन्हा सुमारे 3,100 मीटरवर आहे. परतीला चंदीगड, ग्वाल्हेर आणि सागर असे तीन मुक्काम धरले की सोळाव्या दिवशी दुपारी नागपूर येते आणि दोन दिवस शिल्लक राहतात.

या मांडणीत एका ठिकाणी घरात बरीच खडाजंगी झाली. कल्पानंतरचा मुक्काम नाकोला करावा, असे पत्नीचे म्हणणे होते. गाव सुंदर, मध्ये तळे, आणि अंतरही सोयीचे. पण नाको जवळपास काझाइतक्याच उंचीवर आहे, म्हणजे कल्पाहून एका दिवसात सातशे मीटरची वाढ होते. ताबो नाकोच्या पुढे असूनही खाली, नदीकाठच्या सपाटीवर वसले आहे. त्यामुळे नाकोला दुपारचे जेवण आणि तळ्याभोवती फेरी, झोपायला ताबो, अशी तोड निघाली. ताबोचा मठ इसवी सन 996 मधला. दुसऱ्या दिवशी काझापर्यंत जेमतेम पन्नास किलोमीटर जायचे असल्याने मठाला सकाळचे दोन-तीन तास निवांत मिळणार होते. किलोमीटरच्या हिशेबात हा दिवस आळशी दिसतो. माझ्या मते संपूर्ण आराखड्यातला तो सर्वांत शहाणा दिवस होता.

काझाच्या तीन रात्रींचे कारणही हेच. दिवसा लांगझा, हिक्कीम, कोमिक या 4,400 ते 4,600 मीटरच्या पट्ट्यातील गावांना गाडीने जाऊन यायचे आणि रात्री काझाला परत झोपायचे, म्हणजे शरीराला वरच्या हवेची ओळख होते आणि विश्रांती खालच्या हवेत मिळते. नारकंड्याच्या बाबतीत याच नियमाची दुसरी बाजू दिसते. तेथून रस्ता सतलजच्या खोऱ्यात रामपूरपर्यंत जवळपास सतराशे मीटर उतरतो आणि मग पुन्हा चढतो. ज्याने घाट म्हणून चिखलदरा आणि पचमढीच पाहिले आहेत त्याने हा उतार ब्रेकवर पाय ठेवून न उतरता खालच्या गिअरमध्ये उतरण्याची सवय आधी करून घेतली पाहिजे. ब्रेक तापून निकामी होणे ही कल्पित भीती नव्हे.

तारखांचा प्रश्न उंचीपेक्षा अवघड निघाला. विदर्भातल्या शाळांची उन्हाळी सुटी जूनच्या अखेरीपर्यंत असते हे खरे, पण कुंझुम खिंडीवरचा बर्फ कधी हटेल हे आधी सांगता येत नाही. कधी मेअखेर, कधी जूनचा मध्य उजाडतो. जुलै-ऑगस्ट आम्ही एका वाक्यात बाद केला. किन्नौरमधील निगुलसरी येथे 11 ऑगस्ट 2021 रोजी कोसळलेल्या दरडीखाली राज्य परिवहनाची बस आणि इतर वाहने सापडून 28 जण दगावले, आणि जुलै 2023 मधल्या अतिवृष्टीत चंद्रतालजवळच्या तंबूंच्या तळावर सुमारे तीनशे पर्यटक बर्फात अडकून पडले होते. दिवाळीच्या सुटीपर्यंत कुंझुम बहुधा बंद होण्याच्या बेतात असते. उरला सप्टेंबरचा उत्तरार्ध, जेव्हा हिमाचलातून पाऊस माघार घेतो, नाल्यांचे पाणी उतरते आणि आकाश मोकळे होते.

आता 2024 मध्ये अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला होती आणि पुढचा पंधरवडा पितृपक्षाचा. घरच्या आजींचा आक्षेप अपेक्षितच होता: पितृपक्षात कोणी फिरायला निघते का? याचे उत्तर मोठेबाबांनी दिले. वडिलांचे श्राद्ध पंधरवड्याच्या पहिल्या तीन दिवसांतच येत होते, ते आटोपून 21 सप्टेंबरला, शनिवारी, निघायचे ठरले. 3 ऑक्टोबरची घटस्थापना मोठ्या घरी होते आणि मोठ्या जाऊबाई नागपुरातच राहणार होत्या, म्हणून तोही प्रश्न सुटला. अशा गोष्टी आराखड्यात लिहिल्या जात नाहीत. पण त्या आधी मिटवल्या नाहीत तर निघण्याची तारीख पुढे सरकते, आणि येथे तारीख आठवडाभर सरकली असती तर चंद्रतालची रात्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली असती, जेव्हा तिथले तळ गुंडाळले जाऊ लागतात.

सप्टेंबर निर्धोक आहे असे मात्र कोणी समजू नये. 22 ते 24 सप्टेंबर 2018 या काळात लाहौल-स्पितीत अवेळी मोठी हिमवृष्टी होऊन शेकडो लोक अडकले आणि अनेकांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. म्हणून परत फिरण्याचे निकष घरी बसून, कागदावर लिहून घेतले. लोसरला सकाळी चौघांपैकी एकाचेही डोके दुखत असेल तर कुंझुमकडे गाडी वळवायची नाही. हवामान विभागाने लाहौल-स्पितीसाठी हिमवृष्टीचा इशारा दिला असेल किंवा लोसरच्या तपासणी नाक्यावर रस्त्याबद्दल शंका व्यक्त झाली तर आल्या वाटेने किन्नौरमार्गे परतायचे. या दुसऱ्या पर्यायाला दोन दिवस जास्त लागतात, आणि शिल्लक ठेवलेले दोन दिवस हे मुळात त्यासाठीच होते. निर्णय कोणाचा, हेही लिहिले. गाडी चालवणाऱ्या दोघांपैकी जो नको म्हणेल त्याचा शब्द अखेरचा.

तंबू कुठे लावायचा, हा विषय मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाचा होता आणि मूळ आराखड्यातली दुसरी मोठी चूक येथे होती. किन्नौरमध्ये वाटेत सतलजच्या वाळूवर एक रात्र तंबूत काढावी, असे त्यात लिहिले होते. सतलजवर नाथपा-झाकरी आणि कडछम-वांगतूसारखे जलविद्युत प्रकल्प आहेत आणि धरणातून पाणी सोडल्यावर खालच्या पात्रातली पातळी मिनिटांत चढते. 8 जून 2014 रोजी बियास नदीवर लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले होते. पात्रात, पात्रालगतच्या वाळूवर आणि मोकळ्या दगडांच्या उताराखाली तंबू नाही, हा नियम त्यातून आला. चंद्रताल 2005 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत असून तलावाच्या काठावर मुक्कामाला मनाई आहे. तळ काही किलोमीटर अलीकडे ठरवून दिलेल्या जागी असतात. एवढी बंधने लावल्यावर तंबूच्या रात्री उरल्या चार: कल्पा, ताबो आणि काझा येथे घरगुती निवासाच्या आवारात मालकाच्या परवानगीने एकेक, आणि चंद्रतालला तळचालकाच्या जागेत भाडे देऊन एक. मुलीला ही फसवणूक वाटली. पण रात्री दोन वाजता कोणाला अस्वस्थ वाटले तर दहा पावलांवर भिंत, छप्पर आणि गरम पाणी असणे ही पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी लहान गोष्ट नाही.

तंबूची चाचणी जुलैच्या अखेरीस चिखलदऱ्याला एका खाजगी निवासाच्या आवारात झाली. मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र असल्यामुळे रानात वाटेल तिथे तंबू लावता येत नाही, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. साडेअकराशे मीटरवरच्या पावसाळी रात्रीने बरेच काही उघड केले. चार जणांचा म्हणून विकत घेतलेल्या तंबूत चार माणसे मावली, पण त्यांच्या पिशव्या मावल्या नाहीत, आणि पहाटे श्वासाच्या वाफेने आतले कापड ओले झाले. म्हणून दोन लहान तंबू घेतले. स्लीपिंग बॅगवर छापलेला तापमानाचा आकडा अनेकदा जेमतेम निभावण्याचा असतो, सुखाने झोपण्याचा नव्हे, हे लक्षात घेऊन प्रत्येकी एक जाड चटई आणि आतला अस्तराचा कपडा वाढवला. थंडी जमिनीतून चढते. पांघरुणावर पैसे घालून चटईत काटकसर करणारे लोक रात्रभर कूस बदलत राहतात.

स्वयंपाकाचे गणितही उंचीच मांडते. चंद्रतालला पाणी साधारण 86 अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास शिजत राहील आणि तरी बोटचेपी होणार नाही. प्रेशर कुकर नेला तर आतले तापमान 110 अंशांच्या वर जाते आणि मुगाच्या डाळीची खिचडी वेळेत होते. ब्युटेन वायू शून्य अंशाच्या आसपास द्रवरूपातच राहतो, त्यामुळे नुसत्या ब्युटेनची डबी थंड पहाटे पेटत नाही. प्रोपेनचे मिश्रण असलेली डबी घ्यावी आणि रात्री ती पांघरुणात ठेवावी. शेगडी तंबूच्या आत कोणत्याही सबबीवर पेटवायची नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाकी शेंगदाण्याची चटणी, सातूचे पीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा घरातून गेलेच. त्याबद्दल या घराला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

वाहनाबाबत चर्चा लांबली, पण बदल थोडे झाले. साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. टर्बोमुळे ती तूट बरीच भरून निघते. टपावर डिझेलचे डबे बांधायचे ठरले होते. आम्ही हिशेब मांडला: काझाला टाकी भरल्यावर लोसर, चंद्रताल आणि बोगद्यातून मनालीपर्यंत सुमारे 230 किलोमीटर होतात. खराब रस्त्यावर लिटरला दहाचा हिशेब धरला तरी 23 लिटर पुरतात. डबे छायाचित्रात छान दिसतात, एवढाच त्यांचा उपयोग होता. टायरमधल्या हवेबद्दल गृहस्थांनी विचारलेला प्रश्न मला विशेष आवडला. उंचीवर बाहेरचा दाब घटल्याने टायर फुगून फुटेल का? नागपुरात बत्तीस अंशांना 33 पीएसआय भरलेला टायर चंद्रतालच्या शून्य अंशाच्या पहाटे मोजला तर आकडा पुन्हा 33 च्या आसपासच येतो, कारण बाहेरचा दाब कमी झाल्याने जेवढे वाढते तेवढेच थंडीने आतली हवा आक्रसून कमी होते. दोन परिणाम एकमेकांना खोडतात, हा योगायोग आहे. तेव्हा दिवसा उन्हात तापलेला टायर पाहून हवा काढू नये.

चंद्रतालहून अटल बोगद्याकडे जाताना लागणारा बाताल ते ग्रांफू हा सुमारे पन्नास किलोमीटरचा टप्पा मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. तेथे हिमनद्यांचे नाले रस्त्यावरून वाहतात आणि ऊन चढेल तसे बर्फ वितळून दुपारी त्यांना पाणी वाढते. यासाठी चंद्रतालहून सकाळी सातला निघायचे, पहिला खोल नाला आला की एकाने उतरून दुसरी गाडी कशी जाते ते पाहायचे, असे ठरले. या पट्ट्यात मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही. परदेशातला भाचा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र आणून देणार होता; भारतात अशी यंत्रे परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे, हे कळल्यावर तो बेत सोडला. त्याऐवजी नागपुरातल्या जाऊबाईंकडे रोजच्या मुक्कामाचा तक्ता आणि “बाराव्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवावे” अशी लेखी सूचना ठेवली.

मोठेबाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले, रक्तदाब आटोक्यात असल्याची खात्री झाली आणि उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांवरच सोपवला. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याने हे औषध दुकानातून परस्पर आणू नये. घरातल्या सगळ्यांची काळजी मोठेबाबांवर एकवटली होती.

प्रत्यक्षात त्रास झाला तो मुलीला. काझाच्या तिसऱ्या सकाळी, आदल्या दिवशी कोमिकला धावपळ करून आल्यावर, तिचे डोके दुखू लागले आणि तिने नाश्ता नाकारला. वय लहान म्हणजे उंची सोसते, हा समज चुकीचा आहे. तंदुरुस्तीचा आणि या आजाराचा फारसा संबंध नाही. लोसरला जाण्याचा दिवस तोच होता आणि तिचाच आग्रह होता की पुढे जावे. लोसरसाठी लिहिलेला निकष येथेही कामी आला, कारण वाद घालायला जागा नव्हती. काझाला एक रात्र वाढवली, आरोग्य केंद्रात तिला दाखवले, दिवसभर पाणी, सूप आणि झोप दिली. दुसऱ्या सकाळी तिने पोहे मागून खाल्ले. मग लोसर आणि चंद्रतालची तंबूतली रात्र ठरल्याप्रमाणे झाली; बाहेर राहिलेल्या बाटलीतले पाणी सकाळी गोठले होते, आणि मोठेबाबा सगळ्यांच्या आधी उठून शेगडीपाशी बसले होते. सातला निघायचे होते ते पावणेआठ झाले, तरी नाल्यांना पाणी बेताचेच होते.

शिल्लक दोन दिवसांपैकी एक वापरला गेला आणि कुटुंब 7 ऑक्टोबरला नागपुरात परतले. आता त्यांच्याच इमारतीतल्या दुसऱ्या एका कुटुंबाने हा तक्ता पुढच्या जूनसाठी मागितला आहे. तो तसाच्या तसा देता येणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंझुम उघडलेली असेलच असे नाही, उघडली तरी चंद्रतालचा फाटा मोकळा असेल याचा भरवसा नाही, आणि वितळत्या बर्फामुळे बाताल-ग्रांफूचे नाले सप्टेंबरपेक्षा जोरात असतात. शिवाय त्यांच्याबरोबर 68 वर्षांच्या आजोबांना न्यायचे आहे. त्यांच्यासाठी काझापर्यंतच्या पहिल्या सात रात्री जशाच्या तशा ठेवून तेथूनच किन्नौरमार्गे परतायचा वेगळा तक्ता केला आहे, आणि लोसरच्या पुढचे रकाने कोरे सोडले आहेत.